आईमागची बाजरी

८ ऑगस्ट, दिवेलागणीला

उद्या आदिवासी दिन. ग्रामपंचायतीत आमचा सत्कार, तिथंच माझा कॅनव्हास लागणार. आम्ही भिल्ल. चित्रात आई गायरानात उभी, मागं तिनंच पेरलेली बाजरी. सरपंच मघाशी बघून गेले. म्हणाले, "आई लई भारी काढली. बाजरी तेवढी पुस, न्हाईतर चित्र लागायचं न्हाई." गायरानावर पीक दिसलं की आमची वहिवाट दिसते, जमिनीवरचा हक्क दिसतो, म्हणून! मग उद्या सत्कार कुणाचा, नुसत्या लुगड्याचा?

चिडले खरी, पण बाजरी झाकायला ब्रश मातीच्या रंगात बुडवलाच होता. इतकी कशी भ्याले मी? तेवढ्यात आई मागून म्हणाली, "पुसू नको. कणसं भरली की पाखरं येतेतच. माझ्या हातात गोफण काढ."

काढली. दगडासकट.