हॉल तिकीट गावात, गाव वेशीबाहेर

वहाळाकाठचा माळ,
काजूखालची झोपडी

तीर्थस्वरूप दाजीकाका यांस धाकट्या पुतणसुनेचा, विनीताचा, वहाळाच्या ह्या काठावरून नमस्कार. आम्ही सर्व मंडळी उघड्यावर सुखरूप आहोत, तुम्हीही असाल. (असाल म्हणजे काय, दिसतच आहात. आत्ता माडाला आरसा टांगून दाढी करताय.) गुडघा कसा आहे? झोपडीत मुंग्या फार झाल्या असतील तर कडेने हळद टाका. हाकेच्या अंतरावर राहून ही पत्र कसलं लिहिते, असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या कानात काही सांगायचं म्हणजे शेजारच्या गावालाही ते कळतं, आणि विषय जरा नाजूक आहे.

विषय गणिताचा. मी गावच्या वाचनालयात कित्येक वर्षं 'तात्पुरती' आहे, हे तुम्ही जाणताच. (इतकी तात्पुरती, की माझ्यानंतर आलेली दोन कपाटं वाळवीने खाऊन संपवली.) कायम व्हायचं तर पदवी हवी. मुक्त विद्यापीठाचं बाकी सगळं सुटलं, गणिताचे चार क्रेडिट तेवढे अडलेत. परवा सकाळी कणकवलीला पेपर. नोंदणीची मुदत ह्या वर्षी संपते, म्हणजे ही संधी शेवटचीच. हुकली तर केलेलं सगळं पाण्यात, आणि माझ्या खुर्चीत कुणीतरी पदवीधर येऊन बसणार.

नेमकी अशा वेळी गावपळण आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही कौल लावलात, देवाने होकाराची उजवी पाकळी दिली, की निघाला गाव वेशीबाहेर. तीन दिवस नि तीन रात्री गावात चूल पेटायची नाही की माणूस फिरकायचा नाही. गुरं निघाली, कोंबड्या टोपलीत घातल्या, मांजर पिशवीत. मी गणिताचं पुस्तक तांदळात खुपसून आणलं. इथे येऊन तीन दगडांची चूल मांडल्यावर आठवलं, की हॉल तिकीट घरीच! सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या काशीवहिनींनी, ते आशीर्वादासाठी देव्हाऱ्यात गणपतीखाली ठेवलं होतं. शिक्क्याचा तो कागद असल्याशिवाय वर्गात घेत नाहीत, आणि गावात तर पाऊल टाकायचं नाही. आमचे हे वेशीपर्यंत जाऊन घराच्या दिशेने बराच वेळ बघून आले. त्याचा उपयोग झाला नाही.

अभ्यास मात्र चालू आहे. परवा संभाव्यतेचं प्रकरण घेतलं. एका पिशवीत लाल आणि पांढरे चेंडू आहेत, न बघता एक काढला, तर तो लाल असण्याची शक्यता किती. मी हे मोठ्याने वाचत होते, तर सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "बघून काढूक काय झाला?" मी म्हटलं, तसा नियम आहे. मग त्यांनी चेंडू कोणाचे ते विचारलं. पुस्तकात ते दिलेलं नाही. एवढ्यात शेजारच्या झोपडीतली हौसाबाई आली. तिचं म्हणणं, परक्याच्या पिशवीत हात घालणंच मुळात बरं नव्हे. दुपारपर्यंत माळावर लालवाले आणि पांढरेवाले असे दोन पक्ष झाले आणि माझं उदाहरण राहिलं ते राहिलंच. संचाच्या वेळी मी ह्यांना समोर बसवून समजावलं, की हा चहा पिणाऱ्यांचा संच, हा कॉफी पिणाऱ्यांचा, तर दोन्हींत कोण येईल? ह्यांनी दोन्ही मागितलं.

आता मुद्दा असा, की पुस्तकाच्या मते जिथे दोनच निकाल सारख्या तोलाचे असतात, तिथे प्रत्येकाची शक्यता अर्धी. (देवाचा कौल म्हणजे नाणेफेक नव्हे, हे मला मान्य आहे. पुस्तक परगावचं आहे.) उद्या सकाळी तुम्ही मानकरी मंडळी पुन्हा कौल लावायला देवळात जाणार (तेवढी मुभा तुम्हालाच). उजवी पाकळी पडली तर गाव उद्याच भरेल, तिकीट हाती येईल आणि परवा मी कणकवलीला. डावी पडली तर मुक्काम वाढला आणि माझी परीक्षा गेली. माझ्या चार क्रेडिटांसाठी तुम्ही देवाच्या कारभारात ढवळाढवळ करावी, असं मी मुळीच म्हणणार नाही. पडेल तो कौल माथ्यावर. ह्यांच्याबरोबर वहाळातल्या सुंगटांचं कालवण पाठवते आहे. तिखट बेताचं घातलंय. टोप सावकाश पाठवा, पण पाठवा.

तुमची आज्ञाधारक सून,
विनीता

ता. क. देवापुढे गाऱ्हाणं तुम्हीच घालता. तर उद्या देवाला 'गाव भरू काय' असं विचारण्याऐवजी 'आणखी दिवसभर बाहेर रवलो तर चलात काय' असं विचारता येतं का बघा. हो, बरोबर वाचलंत. शेवटची प्रकरणं मी अजून उघडलेलीसुद्धा नाहीत. मला ह्या पेपरची भीती वाटते, काका, भलतीच भीती वाटते. नापास झाले तर सगळा गाव विचारणार. देवानेच अडवलं तर कोण कशाला विचारेल? उलट हौसाबाई चार ठिकाणी हळहळेल.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर रद्द समजावा. एवढं काय लिहितेस म्हणून सासूबाईंनी विचारलं, आणि त्यांचा चष्मा गावात राहिलेला असल्यामुळे मी पत्र वाचून दाखवायला घेतलं. वाचण्याच्या भरात पहिला ता. क.सुद्धा वाचून गेले. त्यांनी पानाची चंची उघडली आणि सुपारीखालून माझं हॉल तिकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. घरातून निघतानाच ते त्यांनी गणपतीखालून उचललं होतं. मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत?

"कागद घराक रवलो म्हणताना तू पोटभर जेवलंस," त्या म्हणाल्या. "तेवाच माका कळला. नापास झालंस तर होवंदे. पण जावन ये."

फोटोतल्या माझ्या गालाला चुना लागलाय, पण शिक्का शाबूत आहे. तेव्हा देवाला माझ्यासाठी काहीही विचारू नका. उजवी पडो की डावी, मला आता जावंच लागणार. तुम्ही फक्त एक करा. सासूबाई माझ्याबरोबर कणकवलीला येणार आणि पेपर सुटेपर्यंत वर्गाच्या दाराशी बसणार म्हणतात. त्यांना नको म्हणून सांगा. तुमचंच त्या थोडंफार ऐकतात. पण फार जोर लावून सांगू नका.