हरणीचा पाय अन् रुखमाबाईचा गुडघा

मु. साखरखेर्डा

श्रीयुत किसनराव यांस,

गुलाबरावचा रामराम. तुमची तब्येत, वहिनींचा दमा अन् नव्या म्हशीचं दूध, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. आमच्याकडं ठीक काहीच नाही. (फोन केला तर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून ठेवून देता, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. कागद मधातच ठेवता येत नाही.) तुमची बहीण रुखमाबाई मागल्या हप्त्यापासून तुमच्या ओसरीत बसून चहा पिऊन राह्यली, म्हणजे तिची बाजू तुम्ही ऐकली असंल. निम्म्या मेहकरनं ऐकली असंल. आता माही ऐका.

मूळ दोष उंद्रीच्या वरातीचा. आपली हरणी लग्नाची घोडी आहे, नाचते, हे खरं. पण नाचायले जागा तर पाहिजे? नवरदेवाच्या दोस्तांनी डीजे लावून तिले नालीवरच्या फुटक्या फरशीवर नाचवलं. मी ओरडून राह्यलो होतो, पण डीजेपुढं माणसाचं कोण ऐकते? पाय फटीत गेला. नवरदेव उतरला तो थेट मांडवात. मागं वळून 'घोडी कशी आहे' एवढं बी बोलला नाही. (अशा माणसाले पोरी देतात, किसनराव!) दुसऱ्या दिवशी पुढच्या पायाची मागली नस केळावानी फुगली अन् हरणी तीन पायांवर उभी.

मग गावातले सारे हुशार जमले. कोणी म्हणे गरम तेलानं रगडा, कोणी म्हणे पळवा, आपोआप मोकळी होते. शेजारच्या कचरूनं तर डाग द्यायले विळा तापवून आणला. मी हो म्हणणारच होतो, पण तुमची बहीण गोठ्याच्या दारात आडवी उभी राह्यली. म्हणे, "पयले माह्या पायाले लावा, मग तिच्या." कचरू आल्या पावली वापस गेला.

शेवटी जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर पूनम आली. वयानं पोरीएवढी, पण बोलते सासूवानी. तिनं सांगितलं की ही नस नव्हेच, मांसाले हाडाशी बांधणारी दोरी आहे, अन् तिचे धागे तुटले. (सोनोग्राफीच्या मशीनवर दाखवलं बी. मले त्यात नुसतं आभाळ भरून आलेलं दिसलं, पण मी मान हलवली.) सुजीचं औषध दिलं. वरून थंड पाण्याची धार, कापूस घालून पट्टी, अन् गोठ्यात आराम. सूज उतरली की हातात दोर धरून सपाट, कडक वाटेनं चालवायचं, थोडं थोडं वाढवत. पळवायचं नावच नाही. म्हणे, वरीसभर बी लागंल. लंगडणं थांबलं म्हणजे दोरी जुळली असं नाही, घाई केली तर त्याच जागी पुन्हा तुटते.

तर मी रोज सकाळी तिले चालवतो. बिनानवरदेवाची, बिनाबाजाची वरात! चौकातले रिकामे लोक इचारतात, नवरदेव कुठं पयाला? मी वाटेतले दगड बाजूले सारतो अन् पुढं जातो. यात माहं काय चुकलं? पण तेच दगड तुमच्या बहिणीच्या डोळ्यात सलले. म्हणे, "घोडीपुढचे दगड उचलता. मी घागर घेऊन लंगडत येते, तवा तुम्ही त्याच दगडावर बसलेले असता." तिचा गुडघा लई दिवसांपासून दुखते, हे काय मले माहीत नाही? मी इलाज बी सांगितला होता, की उठबस कमी कर. यापरीस डॉक्टर काय वेगळं सांगते?

तर पुढचं ऐका. पूनम पट्टी पाहायले आली, अन् हिनं भर गोठ्यात तिच्यापुढं आपला गुडघा उघडला! पोरगी हसली. म्हणे काकू, मी जनावरांची डॉक्टर. तुम्ही हाडाच्या डॉक्टरले दाखवा, अन् तवर आराम करा, ओझं उचलू नका. झालं! हिनं तिसऱ्या प्रहराची बस धरली. मी इचारलं, काऊन चालली? म्हणे, "डॉक्टरनं आराम सांगितला, अन् या घरात आरामाचा गोठा एकच आहे, त्यात घोडी आहे."

हे बोलणं झालं, किसनराव? मी माफी मागणार नाही, हे तिले साफ सांगा. राहू द्या तिले तिथंच, तिले पाहिजे तेवढं. माहं इथं काही अडलं नाही.

आपला,
गुलाबराव

ता.क. पट्टी रोज तीच बांधत होती. मी बांधली की सैल होऊन खुरावर उतरते; आवळली तर हरणी माह्या टोपीले चावते. किती आवळायची, तेवढं तिले माहं नाव न घेता इचारून कळवा.

ता.क. काल पूनमनं पुन्हा मशीन लावली. धागे चांगले जुळून राह्यले. म्हणे, पट्टी बांधणाऱ्याचा हात लई चांगला होता, कोण बांधे? मी म्हटलं, मीच. हे घरात बोलू नका.

ता.क. सोमवारी मी मेहकरले येऊन राह्यलो. हाडाच्या डॉक्टरकडं तिचा नंबर लावून ठेवा, मी सोबत जातो. पण आधी तिले सांगू नका, नाहीतर म्हणंल, घोडीसाठीच आला. (थोडं घोडीसाठी बी आहे.)