पोटदुखीचा खोटा पेशंट

चिमे,

परीक्षा रद्द झाल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. चूक माझी होती, हे मला मान्य नाही.

फिजिशियन असिस्टंटच्या एम.एस्सी.ला पोरं पेशंट तपासायला शिकतात, त्यांच्या परीक्षेत पोटदुखीचा खोटा पेशंट मी कित्येक वर्षं होतोय. कॉलेजचं तोंड न पाहता, कळ कुठून निघते नि कुठे जाते, सगळं वाचून बसवलंय. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम कधी मोडला नाही. त्या दिवशी नेमकी तूच माझ्या खाटेपाशी आलीस. "काका, काय होतंय?" म्हणालीस. मीही परक्यासारखा कण्हलो. आणि तू माझा सदरा वर करायला लागलीस!

"चिमे, आधी हात धू!"

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, ही चिमी कोण?"

आता फेरपरीक्षेला पेशंट दुसरा. तोवर हे पत्र खणातच राहील, नाहीतर म्हणशील, बाबांनी पुन्हा नाक खुपसलं.

पण सदऱ्याला हात घालण्याआधी तू तळवे चोळून गरम केलेस. इतक्या पोरापोरींनी माझं पोट चेपलं, हे एकालाही सुचलं नाही. त्याला मार्क नसतात म्हणे. मूर्ख आहेत.

तुझे,
बाबा