महालक्ष्म्यांपुढचं नेटबुक

१० ऑगस्ट, रविवार
आज सकाळी अनुश्री आमच्या ओट्यावर येऊन "तुझ्याकडं कंप्युटर आलाय म्हणे" असं म्हणाली आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. काल राखी होती. खबरदारी म्हणून मी दिवसभर आतल्या खोलीत बसून होतो. ती काल आली नाही, आज आली. ज्याला अर्थ कळायचा त्याला कळतो.

कंप्युटर म्हणजे नेटबुक, पाटीएवढं, सेकंडहॅण्ड. सेनगावच्या स्टँडजवळ मुन्नाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याला माझा साउंडबॉक्स देऊन घेतलं.

अनुश्रीचं म्हणणं असं. दरसाल आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात, गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला येतात, आरास बघतात. यंदा आराशीत नेटबुक ठेवायचं. त्याच्यावर आपल्या भागातल्या, बाहेर शिकून नोकरीला लागलेल्या पोरींचे फोटो चालू ठेवायचे. फोटो ती जमवणार. तिचा नांदेडला एम.एस्सी.ला नंबर लागलाय आणि तिची आई, म्हणजे द्वारकाकाकू, पाठवायला तयार नाहीत. काकूंनी एकदा त्या पोरी बघाव्यात.

हे झालं वरवरचं कारण. ज्याला गाव सोडायचंय ते माणूस गावातल्या माणसाशी बोलणं वाढवतं का?

मशीन रॉकेट आहे म्हणालो.

दुपार
मशीन चालू केलं. जेवून आलो. अजून चालू होऊन राहिलंय.

१२ ऑगस्ट
स्पीड वाढवायचं सॉफ्टवेअर टाकलं. फरक नाही. दुसरं टाकलं. दुसऱ्याला पहिलं व्हायरस वाटतं. मध्यस्थी करायला तिसरं टाकलं. आता तिघं मिळून मशीन तपासून राहिलेत. माऊस हलवला की बाण थोड्या वेळानं निघतो, एसटीसारखा.

१४ ऑगस्ट
मुन्नाशी वाजलं. त्याचं म्हणणं, भाऊ, मशीन म्हातारं आहे, त्याच्यावर वजन टाकू नका. म्हातारं होतं तर विकलं काहून, असं विचारलं. तो म्हणाला, विकताना सांगितलं होतं, तुमी गाणं ऐकून राहिला होता. निघताना त्याच्या दुकानाचं काचेचं दार आपटलं.

दार आपटणं हा माझा स्वभाव आहे. कॉलेजही असंच सुटलं. सेकंड इयरला प्रॅक्टिकलमध्ये सर म्हणाले, बाहेर जा. गेलो, दार आपटलं, परत गेलो नाही. ते अजून बोलवायला आले नाहीत. इगो.

१७ ऑगस्ट
मशीन गरम होतं, म्हणून मंद चालतं. शास्त्र आहे. माठाखालचं ओलं गोणपाट काढून त्याच्यावर ठेवलं. आईनं बघितलं. म्हणाली, आता त्याला सर्दी झाली तर काढा कुणी द्यायचा? बाबा पेपरामागून हसले. या घरात संशोधनाला वाव नाही.

२० ऑगस्ट
अनुश्रीनं पेनड्राइव्ह आणून दिला. माझ्या हातात नाही, माझ्या बहिणीच्या, प्रेमाच्या हातात. मी समोर उभा होतो तरी. लाजाळू आहे.

फोटो छान आहेत. डोंगरकड्याची एक पोलिसात, हट्ट्याची एक नर्स, आपल्या गल्लीतली बँकेत. नवा फोल्डर करायला गेलो तर मशीन अडकलं. म्हणून आधीच्याच फोल्डरमध्ये टाकले. त्याचं नाव 'खास'.

'खास'मध्ये काय आहे ते लिहायची गरज नाही. पण डायरी माझीच आहे. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोतून कापलेले अनुश्रीचे फोटो आहेत. आणि मोबाईलवर बनवलेली एक लग्नपत्रिका. चि. स्वानंद, चि. सौ. कां. अनुश्री. तारीख मोकळी ठेवलीय, मी हवेत बोलत नाही.

फोटो आपोआप पुढं सरकायची सेटिंग लावून बघितली. पोलीस आली, नर्सवर अडकलं. आधी सगळ्या नोकरीवाल्या, मग 'खास'चा माल. या वेगानं तिथं पोचायला दिवाळी उजाडेल. धोका नाही.

२५ ऑगस्ट
प्रेमा म्हणाली, दादा, मी बघू का जरा? मी ओरडलो. बारावीतल्या पोरीनं मला शिकवू नये, वगैरे. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. लाज वाटली. उद्या सॉरी म्हणणार.

२६ ऑगस्ट
म्हणालो नाही. संधी मिळाली नाही. जेवताना समोरच बसली होती, पण मूड नव्हता.

३० ऑगस्ट
अनुश्रीनं रस्त्यात गाठून विचारलं, तयार आहे ना? काकूंना कसंतरी यायला राजी केलंय म्हणाली. म्हणालो, पळतंय. घरी येऊन बघितलं तर नर्सच.

३१ ऑगस्ट
महालक्ष्म्या आल्या. आणि चमत्कार. मशीन फास्ट! बटण दाबलं की उघडतं. तीन आठवड्यांची मेहनत फळाला आली.

प्रेमाचं म्हणणं, मी बाहेर असताना तिनं मशीन मुन्नाकडं नेलं. तिन्ही सॉफ्टवेअर काढली, त्यानं एका बंद पडलेल्या मशीनमधली रॅम काढून बसवली. असेल. पण पाया माझा.

पोलीस, नर्स झपाझप सरकल्या. तेवढं बघून बंद केलं. उद्यासाठी दमवायला नको.

१ सप्टेंबर, दुपार
शर्टाला इस्त्री. आज ती माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघणार.

२ सप्टेंबर
बघितलं.

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. काल दोघी महालक्ष्म्यांच्या मधोमध नेटबुक, भोवती फुलोरा, समोर गल्लीतल्या सगळ्या बाया. पोलीस आली, बाया वा म्हणाल्या. नर्स आली. बँकवाली आली. द्वारकाकाकू पुढं सरकून बसल्या. शेजारी बसलेल्या धुरपताबाईला म्हणाल्या, "आमची बी अशी दिसंल का गं?" अनुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दारात उभा होतो. वाटलं, हे मी केलं.

मग अनुश्रीचा फोटो आला. बाया हसल्या, त्यांना वाटलं मुद्दाम टाकलाय. दुसरा आला. तिसरा. मी बायांमधून वाट काढत पुढं गेलो. एकीच्या हातातलं कुंकू सांडलं. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो, अडक. अडकलं नाही. पत्रिका आली. चांगली मोठी, दोन्ही नावं ठळक.

द्वारकाकाकू अनुश्रीकडं वळल्या. "हे व्हय तुझं शिक्षण?"

मला बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं, शब्द निघाला नाही. ओरडायचं असतं तेव्हा बराबर निघतो. अनुश्रीनं हात पुढं करून स्क्रीन मिटली आणि माझ्याकडं बघून सावकाश म्हणाली, "स्वानंददादा, मशीन फास्ट झालं तुमचं."

दादा. आणि तुमचं. राखीला खोलीत बसून काही उपयोग झाला नाही.

३ सप्टेंबर
'खास' पुसलं. एका सेकंदात पुसलं गेलं. प्रेमाला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, मला काय म्हणतोस, तिकडं जा.

गेलो. द्वारकाकाकू शेंगा निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, माझ्याशी तिचं कधी तसं बोलणं नाही, सगळं माझ्याच डोक्यातलं. आत भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

काकू शेंगा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मला त्याच रात्री कळलं. तिनं शप्पथ घेतली. येत्या शनिवारी ती नांदेडला जाऊन राहिलीय. तिचा बाप सोडायला जातोय."

मी म्हणालो, चांगलं झालं, म्हणजे त्या पोरींचे फोटो बघून तुमचं मन...

"पोरींचे न्हाई," काकू म्हणाल्या. "माझं मन होतच नव्हतं. लेकरू नजरेआड कसं ठेवायचं, वाटायचं. तुझी पत्रिका बघितली अन् झालं. आता जा. दार लावून घे, कुत्रं आत येतं."

आतल्या खोलीत कुणीतरी हसू दाबलं. प्रेमाचं नव्हतं, प्रेमा आमच्या घरी होती.

बाहेर आलो. कडीला हात घातला. आपटलं नाही, आवाज होऊ न देता लावून घेतलं.