आपल्या माणसांचे शोध

४ फेब्रुवारी

झाली! माझीच ओळ मंजूर झाली. नव्या दालनाच्या फलकासाठी साहेबांनी स्वतः एक ओळ केली होती — ‘राष्ट्रप्रतिभेचा तेजोमय आविष्कार’. वाचताना मला ठसका लागला. माझी साधी : ‘आपल्या माणसांचे शोध — एका छताखाली’. वर मोठ्या अक्षरांत ‘राष्ट्रीय शोध दालन’. संग्रहालयात इतकी वर्षं वस्तूंखालच्या पाट्या लिहिल्या, आता एकदाची भर रस्त्यावर माझी ओळ लागणार.

आईला सांगितलं. टिचबटण, स्टोव्हची पिन, कपड्यांचा चिमटा, सगळे आपल्या देशाचे शोध तिथे मांडणार म्हटल्यावर ती म्हणाली, “चिमटा आपलाच. पलीकडचे उगाच आमचा आमचा करतात.” पलीकडचे म्हणजे सीमेपलीकडचे. हा शब्द आला की आईचा चेहरा बंद होतो. मी विषय बदलला.

९ फेब्रुवारी

चिमट्याच्या पाटीवरून साहेबांशी वाजलं. त्यांना हवंय ‘केवळ आपल्याच देशात’. मी म्हटलं, साहेब, त्याच सुमारास पलीकडेही कुणीतरी केला होता, कागद आहेत. तर म्हणाले, “अहो, लोकांना छाती फुगवायची असते!” चिमट्यानं? — असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

१७ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. हार, भाषण, फोटो. तिकीटवाली महिनाभर रजेवर, म्हणून दुपारनंतर खिडकीवर मी. पहिलाच गृहस्थ आला, खिशातून पासपोर्ट साईज फोटो काढला आणि म्हणाला, “धाकटा भाऊ आहे. शोध इथेच लावता ना?”

मला कळायलाच वेळ लागला. आपल्या माणसांचे शोध!! अरे देवा.

१८ फेब्रुवारी

आज आणखी चौघं. एक बस कंडक्टर, मेव्हणा हरवलाय. एक आजोबा, त्यांना कोण हवंय तेच आठवेना.

जेवताना आईला रंगवून सांगितलं. मला वाटलं हसेल. तिनं विचारलं, “मग काय सांगता त्यांना?”

“पोलीस चौकीचा रस्ता दाखवते.”

“एवढंच?” म्हणाली आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठली.

२२ फेब्रुवारी

एक शिंपीणबाई आल्या. मुलगी कामाला म्हणून शहरात गेली ती गेलीच. त्यांना सांगितलं, बाई, इथे फक्त वस्तू आहेत. म्हणाल्या, “आलेच आहे तर बघते.” तिकीट काढून आत गेल्या. टिचबटणासमोर बराच वेळ उभ्या. मग मला म्हणाल्या, “एवढंसं बटण शोधून काढलंत. आणि अख्खी पोर सापडत नाही, होय?” टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

मी गोदामात जाऊन रडून घेतलं. मग आतली एक खुर्ची आणून खिडकीपाशी ठेवली. येणाऱ्याला बसवायचं, पाणी द्यायचं, बोलून होईपर्यंत ऐकायचं. रस्ता त्यानंतर दाखवायचा.

२३ फेब्रुवारी

आज घरी काहीच सांगितलं नाही. आईनंच विचारलं, “आज कोण आलं होतं?”

२७ फेब्रुवारी

रोज विचारते. मी सांगते. ती ऐकते.

आमच्याही घरातलं माणूस हरवलंय. पण ते बोलायचं नाही. दादा लेथवर काम करायचा, हाताला विलक्षण गुण. इथला कारखाना बसला तेव्हा पलीकडच्या कारखान्यानं बोलावलं. आईचा एकुलता भाऊ सीमेवर लढताना गेलेला. ती दारात उभी राहून म्हणाली, “ज्यांनी माझा भाऊ नेला त्यांच्यात जाऊन राबणार? जा. पण मग तुझं नाव या घरात निघणार नाही.” आणि निघालं नाही! आम्ही ‘तेव्हा’ म्हणतो, त्याच्या खोलीला ‘ती आतली खोली’ म्हणतो. त्याचा मला चोरून फोन यायचा. गेल्या वर्षी तोही थांबला. कारखान्यात विचारलं तर तिथे दुसराच मालक.

चौकीत जाऊन आले होते मी. तिथला फौजदार भला माणूस, पण म्हणाला, “ताई, पलीकडे चौकशी करायची तर अर्ज आईवडिलांचा लागतो, नाहीतर बायकोचा. बहिणीचा चालत नाही.” दादाचं लग्न नाही. बाबा नाहीत. उरली आई. तिनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं तरच त्याला कुणी शोधणार. आणि तिच्यासमोर ते काढायचं कुणी? माझी छाती होत नाही. इतकी घोडी झाले तरी आईला भिते!

२८ फेब्रुवारी

आज धीर करून म्हटलं, “आई, आतल्या खोलीतल्या—” 

“दूध उतू जातंय.” गॅसवर दूध नव्हतंच.

२ मार्च

साहेब भडकले. मंत्री येणार आणि दारात ही रांग! “आपण शोध लावणारा देश आहोत, बाई, हरवलेल्यांचा नाही!” शुक्रवारी सकाळी रंगारी येऊन माझी ओळ पुसणार. वर तेजोमय आविष्कार. खुर्चीही आत न्यायची. मी म्हटलं, हरवलेलेही आपलेच ना, साहेब? त्यांनी मंत्र्यांच्या दौऱ्याचा कागद पुढे ओढला. वाईट नाहीत हो, पण त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलंच आहे.

घरी सांगितलं. आई दोरीवरचे कपडे काढत होती. “शुक्रवारी किती वाजता?” एवढंच विचारलं. आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं असेल.

४ मार्च

चिमट्याची पाटी शेवटी साहेबांच्या मनासारखी लागली. ‘केवळ आपल्याच देशात’. म्हटलं, आई तरी खूश होईल. तर हातातल्या चिमट्याकडे बघत म्हणाली, “ते लोकही कपडे वाळत घालतच असतील की गं.”

आईच का ही?

६ मार्च

रंगारी शिडी लावत होता. खिडकीशी कुणीतरी येऊन बसलं. मी मान वर न करता म्हटलं, “बोला.”

“बाई, आमच्या माणसाचा शोध घ्यायचाय. तुम्ही याल का चौकीत माझ्याबरोबर?”

आई! ठेवणीतले कपडे, पायात बाहेरच्या चपला, मांडीवर पिशवी. मला ‘तुम्ही’ म्हणाली, जन्मात पहिल्यांदा. परक्या बाईला सांगावं तसं सांगत होती. नाव घरात काढायचं नाही म्हणाली होती ना — घरात नाहीच काढलं!

मी विचारलं, “नाव?”

तिनं खिडकीची कड घट्ट धरली आणि दादाचं नाव घेतलं. बाबांच्या नावासकट, पूर्ण.