शेजारचं घर चालत नाही

डोकमर्डी, सिल्वासा
२३ जानेवारी १९९४

गौरी,

दरवेळी ‘चि. गौरीस अनेक आशीर्वाद’ लिहितो. आज तिथंच हात अडला, म्हणून नुसतं नाव. पत्र शाळेच्या पत्त्यावर, शिक्षकांच्या टपालात आलं याचं नवल वाटेल. चिपळूणला घरी पाठवलं असतं, तर आईंनी आधी फोडलं असतं.

मी बरा आहे. इथं थंडी आहे. गॅसवाला दोनदा दाराला कुलूप बघून सिलिंडर परत घेऊन गेला, तेव्हा सध्या वातीच्या स्टोव्हवर खिचडी. तुझी मंगलाताई असती तर रॉकेलच्या वासावरून घर डोक्यावर घेतलं असतं. आता तक्रार करणारं कुणी नाही, त्यामुळे वासही फारसा येत नाही.

कामाचं सांगतो, ते सांगायला सोपं आहे. आमच्या ऑफिसची कुटुंबांची पाहणी चालू आहे. सगळ्यांकडे जाणं जमत नाही, म्हणून आधी भागातल्या एकूण एक घरांची यादी करायची आणि अंकांच्या कोष्टकावरून त्यातली थोडी निवडायची. कोणतं घर निघेल ते माझ्या मर्जीवर नाही. आणि निघालेलं घर बंद असलं, तर त्याच्या जागी शेजारचं घ्यायचं नाही. पुन्हा जायचं, वेगळ्या वेळी जायचं.

इथल्याच एका चाळीतली कोपऱ्यातली खोली माझ्या वाट्याला आली. सकाळी गेलो, कुलूप. संध्याकाळी गेलो, कुलूप. शेजारच्या तानूबाई, धुळ्याकडच्या, दारात मिरच्या निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “आमनंच लिखी ल्या ना भाऊ. सगळासनं सारखंच शे.” वर चहाही दिला. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण अशी उघडीच दारं धरत गेलं, की कागदावर सगळ्या सिल्वाशात म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायकाच राहतात असं दिसतं. पहाटे कारखान्यात जाऊन रात्री परतणारा माणूस त्यात कुठंच येत नाही. त्याचं म्हणणं शेजाऱ्यांसारखंच असेल, हे आपण कोण ठरवणार?

आज रविवार, म्हणून पुन्हा गेलो. दार उघडं होतं. नवनाथ त्याचं नाव, शिरपूरचा, गलोंड्याच्या कारखान्यात कामाला जातो. खाटेवरची चादर झटकून त्यानं मला बसवलं. गावाकडे कोण, जेवण कुठं, मी विचारत गेलो आणि तो अगदी जपून उत्तरं देत गेला. निघताना म्हणाला, “आठे ईसन चार वरीस व्हयनात, साहेब. आमले कोनी काही इचारंच नही.” इथं आल्यापासून चार वर्षांत त्याला विचारणारा मी पहिलाच.

परत येताना मला सारखी तू आठवत होतीस. का, ते आता लिहायलाच हवं.

संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर आईंचं पत्र आलं. मंगला जाऊन दोन वर्षं झाली, आता मी तुझ्याशी लग्न करावं असं त्या म्हणतात. सुधाकरमामांना विचारलं, काकूंना विचारलं, सगळ्यांचा होकार आहे, आणि ‘गौरीला तुमचं घर नवीन नाही’. पत्र उलटसुलट करून पाहिलं. तुला विचारल्याचं त्यात कुठंही नाही.

मंगलाच्या जागी तू. तानूबाईंच्या चाळीत मी जे करत नाही, ते माझ्या घरात कसं करू?

इथं थांबलो असतो तर मोठा नियमाचा माणूस म्हणून शोभलो असतो. पण आईंचं पत्र वाचून मला राग नाही आला. आनंद झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. वर्षश्राद्धाला तू इथं आली होतीस. तांदळातले खडे काढताना मला म्हणालीस, “भाऊजी, तुम्ही भिंतीशी बोलायला लागलात. आणि भिंतीलाही बोलू देत नाही.” मंगला असं कधी बोलली नसती. तुझ्यात मला ती दिसली नाही, गौरी. तू दिसलीस. मी फार एकटा आहे. हे एक वाक्य लिहायला एवढं पत्र खर्ची पडलं.

तर मी तुला विचारतो आहे. दुसऱ्या कुणाचं उत्तर मला तुझं म्हणून चालणार नाही. नको असेल तर तसं लिही. आईंना मी कळवीन, नकार माझा म्हणून. तुला कुणी बोल लावणार नाही. काहीच उत्तर आलं नाही, तर त्याला मी होकार समजणार नाही. रजा काढून एकदा येईन, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहीन आणि तोंडानं विचारीन.

खाली सवयीनं ‘तुझे भाऊजी’ लिहिलं होतं, ते खोडलं. नाही म्हणालीस तर पुढच्या पत्रापासून पुन्हा तेच लिहीन, आणि मनापासून लिहीन.

अनंत