सूनबाईंना काहीही न देण्याविषयी

मी, श्रीमती चंदनबाला कल्लाप्पा मगदूम, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मला तो कळला नसता, इतकी मी दमले आहे.

वकीलसाहेबांनी मसुदा तयार करून आणला होता. त्यात ‘ऐषारामाचे व समाधानाचे आयुष्य उपभोगून’ असे शब्द होते. ते मी खोडायला लावले. वकीलसाहेब म्हणाले, “अहो ताई, असं लिहायची पद्धतच आहे.” मी म्हटलं, पद्धतीनंच तर माझं आयुष्य गेलं. आता सहीपुरतं तरी खरं लिहा.

कलम १. मिळकतीचा खुलासा. आष्ट्यातलं राहतं घर, मळ्यातली साडेतीन एकर जमीन, सांगलीतली हळदीची वखार आणि आमच्या गल्लीच्या टोकाच्या दोन पक्क्या खोल्या. हे सगळं माझ्या एकटीच्या नावावर आहे. यातलं काही मी कमावलेलं नाही, आणि मागितलेलं तर मुळीच नाही.

माझे यजमान कै. कल्लाप्पा यांनी लग्नानंतर अकराव्या वर्षी, गावात चातुर्मासाला आलेल्या जैन महाराजांसमोर परिग्रहाचं परिमाण केलं. म्हणजे ठरल्याहून जास्त वस्तू बाळगायच्या नाहीत, असं व्रत घेतलं. चार धोतरं, चार सदरे, एक घड्याळ, एक कांबळं. व्रत मोठं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण उरलेलं सगळं त्यांनी सोडून द्यायला हवं होतं, ते त्यांनी माझ्या नावावर केलं. त्यांचं व्रत पाळलं गेलं आणि ओझं माझ्या डोक्यावर आलं.

त्यानंतर त्यांनी किल्लीला हातसुद्धा लावला नाही. वखार उघडायला मी, कोर्टाच्या तारखेला मी, उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडायला मी. कोणी व्यापारी घरी आला की हे झोपाळ्यावरून म्हणायचे, “माझं काय हाय हितं? मालकीणबाईंस्नी इचारा.” आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. सगळ्या गल्लीला संध्याकाळ मोकळी असायची, मी मात्र कुलपं तपासत फिरायची. गाव म्हणायचं, कल्लाप्पांसारखा निर्मोही माणूस न्हाई, आणि चंदनबाला लय नशिबाची.

खोटं कशाला बोलू, या घरात चैन कोणी केली असेल तर ती त्यांनी. मनात आलं की एक पिशवी उचलायची आणि महिना-महिना यात्रेला जायचं. मागं काय ठेवलंय याचा घोर नाही, कारण मागं मी होते. पैशानं चैन येत असती तर ती माझ्याकडं यायला पाहिजे होती, मालकीण तर मीच होते की!

माझं माहेर सातारा. आई आजारी होती म्हणून चार दिवस राहायचं ठरवून गेले होते. दुसऱ्याच दिवशी यांचा फोन, “गिऱ्हाईक वखारीच्या दारात उभं हाय, किल्ल्या तुझ्यासंगं गेल्यात. ये माघारी.” आई म्हणाली, “जा बाई, तुझा व्याप मोठा हाय.” मी एसटीनं परत आले, वखार उघडली. गिऱ्हाईकाला माल पसंत पडला नाही. तिसऱ्या दिवशी आई गेली. हे मी यजमानांना माफ केलेलं नाही. शेवटच्या कागदात ते लपवू नये, म्हणून इथं नोंदवते.

कलम २. माझ्या घरी तीस वर्षं काम करणाऱ्या साळूबाईस गल्लीच्या टोकाच्या दोन्ही खोल्या कायम मालकी हक्काने द्याव्यात. तिच्या घराला कुलूप नाही, नुसती कडी ओढून ती कामाला निघते. एकदा मी तिला म्हटलं, साळू, तुझा हेवा वाटतो गं. ती फणकारली, “आवं काकी, पाऊस आला की माझ्या हातरुणात पाणी पडतंय. तेचाबी हेवा करा की!” तिचं बरोबर होतं. गळक्या छपराला चैन म्हणण्याचा मूर्खपणा भरल्या घरातली बाईच करू शकते. मला त्याची लाज वाटते.

कलम ३. माझा फोटो यजमानांच्या फोटोला खेटून लावू नये. हातभर अंतर ठेवावं. त्यांना जास्तीचं काही चालत नव्हतं.

कलम ४. राहतं घर, जमीन व वखार माझा एकुलता एक मुलगा अरिहंत यास देते. त्याच्या स्वतःच्या नावावर. यंदाच्या चातुर्मासात त्यालाही तेच व्रत घ्यायचं आहे. गेल्या महिन्यात तो बायकोविषयी मला म्हणाला, “आई, सगळं सरळ ब्राह्मीच्या नावावर करू. तिला नोकरीची तरी काय गरज? वखार कोण बघणार?” बाप गेला तरी त्याची तऱ्हा घरात शिल्लक आहे.

म्हणून अट अशी की, यातलं काहीही त्यानं ब्राह्मीच्या नावावर करू नये. अरिहंत, व्रत जरूर घे बाळा. पण जे परिमाणाच्या वर जाईल ते मुलींच्या वसतिगृहाला देऊन टाक, बायकोच्या गळ्यात बांधू नकोस. वकीलसाहेब म्हणतात ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिकू दे. त्यानं वाचली तरी पुरे.

कलम ५. माझी सून सौ. ब्राह्मी हिला मी काहीही देत नाही. एक चमचासुद्धा नाही. लोक म्हणतील सासू-सुनेचं पटत नव्हतं. खुशाल म्हणोत.

ब्राह्मी मिरजेच्या एका दवाखान्यात अर्धांगाच्या माणसांना परत चालायला शिकवते. संध्याकाळी बसनं येते, पाय सुजलेले असतात, आणि चप्पल काढता काढता सांगते, “आई, आज ते आजोबा सात पावलं चालले!” तेव्हा तिचं तोंड बघावं. या घरात तसं तोंड घेऊन मी एकदाही आले नाही. दमले तर मीही होते, पण दुसऱ्याच्या मालाची राखण करून. आपल्या आवडीच्या कामानं दमायचं आणि कशाचाही घोर न करता घरी यायचं, याहून मोठी चैन मला तरी माहीत नाही. ती तिच्याकडं आहे. माझ्या हातून ती मोडू नये, एवढ्यासाठी हे कलम.

कलम ६. हे कलम मसुद्यात नव्हतं.

आज वरचं सगळं वाचून दाखवलं. अरिहंत मान खाली घालून बसला होता. ब्राह्मीनं घाबरून विचारलं, “आई, माझं काही चुकलं का?” मी तिला जवळ बसवून पाचवं कलम पुन्हा वाचायला लावलं. तिनं वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “मग तुम्ही स्वतःला काय ठेवलंय?”

त्रेपन्न वर्षांत या घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात स्वतःला काही ठेवता येत नाही. मी तरीही विचार करत बसले. काही सुचेना. मला काय आवडतं तेच मला आठवेना, आणि त्याचं मला रडू आलं. शेवटी शेजारचे आकाराम सुभेदार म्हणाले, “काकी, लिवा की बिनघोर. माझी साक्ष हाय, कोण खोडतंय ते बघतो.”

तर लिहिते. उद्या दुपारी जेवण झालं की मी माजघरात आडवी होणार आहे. दारात कोणीही आलं तरी मला उठवू नये. झोप लागली नाही तरी चालेल, मी पडून राहीन. बाकीची कलमं मी गेल्यावर लागू होतील. हे उद्यापासून.

येणेप्रमाणे लिहिलं, वाचून घेतलं, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही : चंदनबाला कल्लाप्पा मगदूम

साक्षीदार :
१. आकाराम दादू शिंदे, निवृत्त सुभेदार, आष्टा
२. डॉ. वीरधवल जाधव, आष्टा

स्थळ : आष्टा
दिनांक : १३ जुलै २०२५, रविवार